जुना संगणक आणि बिनतारी इंटरनेटची गती



संदेशवहनाच्या इतिहासात जुन्नर तालुक्याचे स्थान मोठे आहे. उपग्रहाच्या साहाय्याने परदेशांशी संपर्क साधणारे भारताचे पहिले व्यापारी भू-केंद्र १९७० च्या दशकाच्या आरंभी याच तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वी येथे उभे राहिले आणि त्याला डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. पुढे थोड्याच अंतरावर खोडदच्या परिसरात प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जगातील एक अग्रगण्य रेडिओ दुर्बीण, म्हणजे 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', साकार झाली. अंतराळातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी पकडण्याचे काम ज्या भूमीत चालते, त्याच भूमीतील एखाद्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीत वीस पावलांवरील यंत्रापासून संगणकापर्यंत इंटरनेट नीट पोहोचू नये, हा विरोधाभास विचार करण्याजोगा आहे.

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु त्याचा भार नागरिकांवर पडतो. जन्माचा दाखला, आठ-अ चा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, विद्यार्थ्यांची माहिती, पंचायतीचा जमाखर्च, ही सारी कामे आता संगणकावरून होतात. आहुपे किंवा तिरपाड या बाजूच्या एखाद्या वाडीतून निघालेली व्यक्ती दिवसाची मजुरी बुडवून कार्यालयात येते आणि पडद्यावरचे चक्र फिरतच राहिले म्हणून रिकाम्या हाताने परत जाते. तिच्या दृष्टीने इंटरनेटची गती म्हणजे तांत्रिक आकडा नव्हे. ती बुडालेली मजुरी होय.

जुना संगणक टाकाऊ नव्हे

ग्रामीण भागातील अनेक शाळा व कार्यालये यांतील संगणक दहा-बारा वर्षांचे जुने आहेत. त्यांवरील विंडोज ७ या प्रणालीचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चा मोफत नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षेची दुरुस्ती न मिळणारी प्रणाली शासकीय कामासाठी वापरणे धोक्याचे असते. आणि विंडोज ११ ही नवी प्रणाली बऱ्याच जुन्या यंत्रांवर अधिकृतरीत्या बसत नाही. अशा वेळी लिनक्स हा एक उत्तम पर्याय ठरतो. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आरंभिलेली ही प्रणाली आज जगभरातील असंख्य तंत्रज्ञांच्या सहकार्याने वाढलेली आहे. ती विनामूल्य मिळते आणि तिची हलकी रूपे अल्प स्मृतीच्या यंत्रावरही चालतात. भारत सरकारच्या सी-डॅक या संस्थेने 'बॉस' या नावाने तिची भारतीय भाषांना अनुकूल आवृत्तीही तयार केली आहे.

लिनक्स बसविल्यावर जुना संगणक चपळ होतो, हा अनेकांचा अनुभव आहे. परंतु कित्येकदा बिनतारी इंटरनेट मात्र संथच राहते. मग संगणक जुना म्हणून दोष दिला जातो, किंवा लिनक्सला दोष दिला जातो, किंवा इंटरनेट पुरविणाऱ्यास दूषणे दिली जातात. आणि शेवटी यंत्राच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो. या तिन्हींपैकी खरा दोष कोणाचा, हे मात्र मोजून पाहिलेले नसते.

कुकडी प्रकल्पाच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांना ही गोष्ट समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. डिंभे किंवा येडगाव धरणात पाणी भरपूर असते, मुख्य कालवाही वाहत असतो, तरी शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही. याचे कारण धरणात असेल, कालव्यात असेल, गाळाने भरलेल्या चारीत असेल, किंवा शेताच्या बांधावरही असेल. चारी तुंबलेली असताना धरणाची उंची वाढवून उपयोग होत नाही. इंटरनेटचेही असेच आहे. गावापर्यंत आलेली तार किंवा मनोऱ्याची लहर, राउटर, मधली हवा, संगणकातील बिनतारी कार्ड, प्रणाली आणि शेवटी पलीकडचे संकेतस्थळ, अशी ही साखळी आहे. या साखळीतील सर्वांत अरुंद दुव्याची जी गती, तीच साऱ्या साखळीची गती. म्हणून खर्च करण्यापूर्वी तो दुवा शोधणे हे पहिले काम होय.

प्रथम मोजमाप

इंटरनेटची गती दर सेकंदास इतके मेगाबिट अशी सांगितली जाते; फायलीचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये असतो. एक बाइट म्हणजे आठ बिट. हा फरक ध्यानात न घेतल्याने पुष्कळ गैरसमज होतात. समजा, ५ मेगाबाइटचे स्कॅन केलेले कागदपत्र चढवावयाचे आहे. म्हणजे ४० मेगाबिट झाले. दर सेकंदास २ मेगाबिट गती असेल, तर त्यास सुमारे २० सेकंद लागतील; पाव मेगाबिट असेल, तर १६० सेकंद. शाळा आणि पंचायत यांच्या कामात माहिती खाली उतरविण्याइतकीच वर चढविण्याची गती महत्त्वाची असते. म्हणून दोन्ही गती मोजाव्यात.

मोजमाप तीन प्रकारे करावे. पहिल्या प्रयोगात संगणक राउटरला साध्या तारेने जोडून गती पाहावी. दुसऱ्या प्रयोगात तार काढून, संगणक राउटरपासून सात-आठ फुटांवर ठेवून बिनतारी गती पाहावी. तिसऱ्या प्रयोगात संगणक त्याच्या नेहमीच्या जागी नेऊन पुन्हा गती पाहावी. हे तिन्ही प्रयोग एकाच वेळी, लागोपाठ करावेत. कारण सकाळची आणि सायंकाळची गती सारखी नसते.

या तीन आकड्यांतच बहुतेक उत्तर दडलेले असते. तारेनेही गती कमी असेल, तर त्याच तारेवर दुसरा संगणक जोडून पाहावा; त्यावरही ती कमीच आढळली, तर दोष बाहेरच्या जोडणीत आहे. तसे असता नवा संगणक घेऊन काहीही साध्य होणार नाही. इंटरनेट पुरविणाऱ्याकडे आकड्यांसह तक्रार करावी. तारेने गती चांगली, परंतु राउटरजवळही बिनतारी गती कमी असेल, तर कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा राउटरची मांडणी संशयास्पद आहे. राउटरजवळ गती चांगली आणि नेहमीच्या जागी कमी असेल, तर दोष अंतराचा, भिंतीचा किंवा जागेचा आहे. आणि सगळीकडे गती चांगली असूनही पाने उघडण्यास वेळ लागत असेल, तर अपुरी स्मृती, जुना ब्राउझर किंवा पलीकडचे संकेतस्थळ हे कारण मानावे.

हवेतील मार्ग

बिनतारी इंटरनेट प्रामुख्याने दोन पट्ट्यांत चालते: २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. पहिल्या पट्ट्याच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात. परंतु तेथे गर्दी फार. शेजारच्या दुकानाचा राउटर, ब्लूटूथची साधने, मायक्रोवेव्ह भट्टी, हे सारे त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. दुसरा पट्टा रुंद आणि मोकळा आहे. परंतु त्याची पोच कमी आणि भिंतीपुढे तो लवकर हतबल होतो. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झ पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, तर ५ गिगाहर्ट्‌झचा विस्तृत भाग २०१८ साली खुला करण्यात आला. जुन्या संगणकांतील पुष्कळ कार्डे केवळ पहिलाच पट्टा जाणतात. राउटरवर ५ गिगाहर्ट्‌झची सोय असूनही अशा यंत्रास ती दिसत नाही.

कार्ड कोणत्या पिढीचे आहे, हेही पाहावे. १९९९ च्या 'बी' मानकाची कमाल गती ११ मेगाबिट, २००३ च्या 'जी' मानकाची ५४ मेगाबिट आणि २००९ च्या 'एन' मानकाची, एकाच अँटेनाच्या साध्या कार्डावर, सामान्यतः ७२ ते १५० मेगाबिट. हे कागदावरील आकडे होत. प्रत्यक्षात त्यांच्या निम्म्याच्या आसपास गती मिळाली, तरी ती समाधानकारक समजावी. येथे दिलासा देणारी गोष्ट अशी की, कार्यालयीन कामासाठी 'एन' मानकाचे साधे कार्डही पुरेसे ठरते. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वीचे यंत्रही केवळ वयामुळे बाद होत नाही.

२.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात भारतात तेरा वाहिन्या आहेत. परंतु लगतच्या वाहिन्या एकमेकींवर चढतात. १, ६ आणि ११ या तीन वाहिन्या एकमेकींपासून स्वतंत्र राहतात. परिसरात कोणत्या वाहिनीवर गर्दी आहे, हे लिनक्समधील साध्या साधनांनी किंवा मोबाइलवरील एखाद्या उपयोजनाने समजते. त्यानुसार या तिघींपैकी मोकळी वाहिनी राउटरवर निश्चित करावी आणि तिची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवावी. गर्दीत रुंद वाहिनी घेणे म्हणजे आठवडे बाजाराच्या दिवशी अरुंद रस्त्याने दोन बैलगाड्या जोडीने नेण्यासारखे आहे.

आणखी एक नियम आहे. एका वाहिनीवर एका क्षणी एकालाच बोलता येते. ग्रामसभेत एखादा वक्ता फार सावकाश बोलू लागला, की इतरांचा वेळ जातो. तद्वत एखादे अतिजुने किंवा दूर असलेले साधन मंदगतीने बोलत राहिले, की सर्वांचीच गती घटते. म्हणून जे यंत्र एकाच जागी कायम असते, त्यास तारेने जोडावे आणि हवेतील जागा फिरत्या साधनांसाठी मोकळी ठेवावी.

राउटरची जागा हा तर बिनखर्चाचा उपाय आहे. लोखंडी कपाटामागे, जमिनीवर, पाण्याच्या टाकीला खेटून किंवा विजेच्या मुख्य पेटीशेजारी राउटर ठेवू नये. जुन्या इमारतींच्या दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंती लहरींचा मोठा भाग शोषून घेतात. पत्र्याचे छप्पर आणि लोखंडी जाळी त्यांना परतवून लावतात. राउटर उंचावर, मोकळ्यावर आणि शक्यतो दाराच्या रेषेत असावा. लहरींचे बळ डेसिबल-मिलिवॅट या मापाने मोजतात. ते उणे ५० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ७० पर्यंत आले तर काम जेमतेम चालते, आणि उणे ८० च्या पलीकडे गेले तर जोडणी टिकणेच कठीण.

संगणकाच्या आतील अडथळे

हवेचा मार्ग मोकळा करूनही गती वाढली नाही, तर दृष्टी संगणकाकडे वळवावी. लिनक्समध्ये कार्ड चालविणारा ड्रायव्हर बहुधा प्रणालीच्या गाभ्यातच असतो. परंतु कित्येक कार्डांना त्याखेरीज फर्मवेअर नावाची एक लहान फाईल लागते. ती नसली वा जुनी असली, तर कार्ड मुळीच चालत नाही किंवा अर्ध्या सामर्थ्याने चालते. म्हणून संगणक तारेने जोडून प्रणाली अद्ययावत करणे आणि फर्मवेअरचा संच बसविणे, ही पहिली पायरी होय.

दुसरी बाब वीजबचतीची. बॅटरी वाचावी म्हणून कार्ड मधून मधून डुलकी घेते. काही जुन्या कार्डांना या डुलकीतून वेळेवर जाग येत नाही. मग पाने अडखळत उघडतात. कार्यालयात यंत्र विजेवर चालत असते, तेथे कार्डापुरती ही वीजबचत बंद करण्यास हरकत नाही.

तिसरी बाब सुरक्षेची. राउटरवर 'टीकेआयपी' ही जुनी गुप्तलेखन पद्धती निवडलेली असेल, तर 'एन' मानकाची वरची गती मिळतच नाही. कार्ड ५४ मेगाबिटच्या आत अडकून पडते. 'डब्ल्यूपीए-२' आणि 'एईएस' ही जोडी निवडल्यास सुरक्षा आणि गती या दोहोंचा लाभ होतो. चौथी बाब देशाच्या संकेताची. लिनक्समध्ये भारताचा संकेत नोंदलेला नसेल, तर १२ व १३ या वाहिन्या किंवा ५ गिगाहर्ट्‌झचा काही भाग यंत्रास दिसत नाही.

हे सर्व करूनही कार्ड अपुरे पडले, तर संपूर्ण संगणक न बदलता यूएसबीला जोडावयाचे लहान बिनतारी साधन घ्यावे. मात्र ज्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात अंतर्भूत आहे, असेच साधन निवडावे. अन्यथा प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर ते बंद पडण्याची भीती असते. अशा साधनाला तीन-चार फुटांची यूएसबी तार जोडली, की ते यंत्राच्या मागील कोपऱ्यातून काढून खिडकीपाशी ठेवता येते. एवढ्यानेही गतीत पुष्कळ फरक पडू शकतो.

या उपायांत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. एका वेळी एकच बदल करावा, पुन्हा मोजावे आणि लिहून ठेवावे. पाच बदल एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही, आणि बिघाड झाला तर तोही सापडत नाही.

खोडदचा धडा

या बाबतीत खोडदच्या दुर्बिणीचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत. चौदा अँटेना मध्यवर्ती भागात एकवटलेल्या असून उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरल्या आहेत. दोन टोकांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. या अँटेना आकाशातून लहरी घेतात. परंतु तेथून मध्यवर्ती इमारतीपर्यंत संदेश नेण्याचे काम काचतंतूच्या तारेने केले जाते. हवेचा उपयोग जेथे अपरिहार्य, तेथेच. उरलेला मार्ग तारेचा. शाळेला आणि पंचायतीलाही हेच सूत्र लागू पडते: तार शक्य तितकी जवळ आणावी आणि हवेतील प्रवास शक्य तितका आखूड ठेवावा.

दुसरा धडा काटकसरीचा. या अँटेनांचा पृष्ठभाग जड पत्र्याचा नसून ताणलेल्या तारांच्या जाळीचा आहे. म्हणूनच एवढा मोठा प्रकल्प देशाला परवडला. या दुर्बिणीच्या संदेशांची आकडेमोड करण्यासाठी २०१० च्या सुमारास जी यंत्रणा उभारण्यात आली, तीही बाजारात मिळणारे संगणक एकत्र जोडून आणि लिनक्स वापरून तयार करण्यात आली. साधी साधने विचारपूर्वक जोडली, तर ती जागतिक दर्जाचे काम करतात, याचा हा पुरावाच होय.

बिनतारी इंटरनेटचे रेडिओ खगोलशास्त्राशी नातेही जुने आहे. खोलीत सोडलेली लहर भिंतींवरून परावर्तित होऊन अनेक वाटांनी पोहोचते आणि संदेश एकमेकांत मिसळतात. या अडचणीवर उपाय शोधणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातील 'सीएसआयआरओ' या शासकीय संस्थेचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ जॉन ओसुलिवन आणि त्यांचे सहकारी अग्रभागी होते. त्यांना या पद्धतीचे अमेरिकी एकस्व १९९६ साली मिळाले. आकाशातील क्षीण संदेश गोंगाटातून वेगळा काढण्याचा अनुभव घरातील राउटरच्या कामी आला.

या नात्याची जाणीव जुन्नर-आंबेगावकरांनी विशेष ठेवावयास हवी. खोडदची दुर्बीण सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्‌झ या मर्यादेतील, मधला काही भाग वगळता, लहरी ऐकते. बिनतारी इंटरनेटचे पट्टे त्या मर्यादेबाहेर आहेत. परंतु मोबाइलचे काही पट्टे त्या मर्यादेत किंवा तिच्या लगत येतात. काही ठिकाणी मोबाइलची लहर वाढविण्यासाठी परवान्याशिवाय 'बूस्टर' बसविण्याचा मोह होतो. तो बेकायदा तर आहेच. शिवाय त्याने मोबाइलचे जाळे बिघडते आणि वैज्ञानिक निरीक्षणांतही व्यत्यय येतो. ठिणग्या पाडणाऱ्या विजेच्या जोडण्या आणि हलक्या प्रतीचे वीजपुरवठा-संच यांपासूनही अशीच बाधा पोहोचते. वायरिंग नीटनेटके ठेवणे हे राउटरच्याही हिताचे आणि दुर्बिणीच्याही.

डोंगरपट्ट्यातील गावे

नारायणगाव-मंचरच्या पट्ट्यात जे सुलभ, ते भीमाशंकर आणि नाणेघाटाच्या बाजूला सुलभ नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला, तेव्हा ती वार्ता बाहेर पोहोचली ती त्या वाटेने आलेल्या एस. टी. च्या चालकामुळे. डोंगरातील गावाला संपर्काचा एकच धागा असणे किती धोक्याचे असते, याचे ते स्मरण होय.

ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतूची तार नेण्याचा निर्णय केंद्र शासनाने २०११ साली घेतला आणि तो प्रकल्प पुढे 'भारतनेट' या नावाने ओळखला जाऊ लागला. परंतु पंचायतीच्या कार्यालयात आलेली तार वाड्या-वस्त्यांवरील शाळेपर्यंत आपोआप जात नाही. हे अखेरचे अंतर दिशादर्शी अँटेनांच्या साहाय्याने, परवानामुक्त पट्ट्यातून ओलांडता येते. आय. आय. टी. मुंबईच्या 'ग्राममार्ग' या उपक्रमाने पालघर जिल्ह्यातील गावांत असा प्रयोग केला आणि २०१७ साली त्यास मोझिला या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रथम पुरस्कार मिळाला. मात्र दोन अँटेनांमध्ये दृष्टी सरळ पोहोचली पाहिजे. मध्ये डोंगराची सोंड किंवा दाट झाडी असता कामा नये. जागा निवडण्याचे हे काम गावच्या वाटा जाणणारे पंचायत सदस्यच उत्तम करू शकतील.

काय करता येईल

या साऱ्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक शाळेने आणि पंचायतीने एक साधी वही घालावी. तीत दिनांक, वेळ, तारेची गती, राउटरजवळची गती आणि नेहमीच्या जागेची गती असे रकाने आखावेत व आठवडाभर नोंदी कराव्यात. या नोंदी हाती असल्या, की इंटरनेट पुरविणाऱ्याशी बोलताना नुसती तक्रार राहत नाही. तिला आधार मिळतो. केंद्रातील एखाद्या जाणकार शिक्षकाने लिनक्स, फर्मवेअर आणि वाहिन्या यांची माहिती करून घेतली, तर आसपासच्या शाळांचे काम भागेल. आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीतील संगणकापुढे निर्लेखनाचा शेरा मारण्यापूर्वी तो एकदा तारेने जोडून पाहिला आहे की नाही, एवढे अधिकाऱ्यांनी अवश्य विचारावे.

नवे यंत्र जेथे खरोखर हवे, तेथे ते मिळालेच पाहिजे. परंतु अडलेली चारी न शोधता घेतलेले नवे यंत्रही त्याच जागी, त्याच भिंतीआड, त्याच गर्दीच्या वाहिनीवर तितकेच संथ चालेल. आणि डोंगर उतरून आलेली व्यक्ती पुन्हा दाखल्यावाचून परत जाईल. दोन हातांची तार, राउटरची योग्य जागा आणि आठवडाभराच्या नोंदी यांनी हे टळत असेल, तर ते टाळणे हे प्रत्येक कार्यालयाचे कर्तव्य ठरते.